आपोआप फक्त राख पडते

आमच्या घरमालकांसमोर एखादी वस्तू 'आपोआप बंद पडली' असं म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं की ते हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "आपोआप फक्त राख पडती. बाकी समदं कुनीतरी करतंय." परळीत राहणाऱ्याला राखेबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोट फिरवलं की रेघ उठते. काकांनी नोकरीची सगळी वर्षं वीज केंद्रात मीटर आणि काटे दुरुस्त करण्यात काढली होती. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं होतं, बंद पडलेले कॅमेरे चालू करायचं. मोबाईलचे, कॉम्प्युटरचे, लॅपटॉपचे. पंखा किंवा मिक्सर घेऊन कुणी आलं तर दारातूनच परत जायचं.

मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायचो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. ते मला 'सर' म्हणायचे, पण त्या शब्दात आदर किती आणि चेष्टा किती हे मला चार वर्षांत कळलं नाही. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांचं कापड.

कापड म्हणजे जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे. ते स्वतः धुवायचे, राख लागू नये म्हणून घरातच वाळवायचे आणि स्टीलच्या डब्यात झाकून ठेवायचे. कोणताही फोन हातात आला की आधी कोरड्या कापडानं भिंग पुसायचं, मग तीन प्रश्न. कवापसून? त्याच्या आदी काय केलतं? कुनी हात लावलता? तिन्हींची खरी उत्तरं मिळेपर्यंत ते फोन उघडायचे नाहीत. पैसे घेत नसल्यामुळे कुणाला रागावताही यायचं नाही.

बाजारातल्या एका किराणा दुकानदाराला सगळ्यांचे चेहरे धुक्यातून आल्यासारखे दिसायला लागले होते. कॅमेरा गेला म्हणून तो नवा फोन घ्यायला निघाला होता. काकांनी पुसलं, प्रश्न विचारले आणि भिंगावरून नखानं एक पातळ प्लास्टिक सोलून काढलं. फोन नवा राहावा म्हणून त्यानं दोन वर्षं कंपनीचं वेष्टन तसंच ठेवलं होतं. काकांनी ते प्लास्टिक त्याच्या तळहातावर ठेवलं आणि वही काढली. उभी लांब वही, तिच्यात चार रकाने: लक्षण, कारण, उपाय, चूक कुणाची. शेवटच्या रकान्यात त्यांनी त्या माणसाच्या देखत त्याचं नाव लिहिलं. हा चौथा रकाना गल्लीत फार बदनाम होता.

त्यात माझंही नाव आहे. माझी कायम होण्याची मुलाखत ऑनलाइन होती आणि अर्धा तास आधी लॅपटॉपच्या पडद्यावर माझ्या चेहऱ्याऐवजी काळा चौकोन यायला लागला. मी धावत खाली गेलो. काका सावकाश जिना चढून आले, पुसलं, विचारलं. मी म्हटलं, काहीच केलं नाही हो, आपोआप झालं. ते पायरीवर बसले. घड्याळ पुढं सरकत होतं आणि हा माणूस खिडकीबाहेर बघत होता. शेवटी मला आठवलं की रात्री मी लॅपटॉप चांगला घासून पुसला होता. तसं सांगितल्याबरोबर ते उठले आणि कॅमेऱ्यावरची बारीक सरकती पट्टी नखानं बाजूला केली. घासताना मीच ती लावून टाकली होती.

"तुम्हाला आधीच दिसली होती ना?" मी चिडून विचारलं.

"दिसलती की. पन तुमी सांगाय पायजे. न्हाईतर परत करताल."

मुलाखत झाली, नोकरीही कायम झाली, पण तो राग माझ्या मनात बरेच दिवस होता. माणसाला अडचणीत असं बसवून ठेवू नये असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

दुसरा खटका उडाला खंडेनवमीला. गल्लीत सगळे जण त्या दिवशी आपापल्या यंत्रांची पूजा करतात. मीही लॅपटॉपला हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलं. काका वर आले, फूल राहू दिलं आणि कुंकू पुसून काढलं. यंत्राला कुंकू लावायचं नाही, कापड लावायचं, असा त्यांचा कायदा होता. देवधर्म न मानणारे नव्हते ते. सोमवारी वैजनाथाला गेल्याशिवाय जेवायचे नाहीत. पण कुंकू माणसाच्या कपाळासाठी असतं, ते काचेवर गेलं की काचेचं काम थांबतं, एवढंच ते म्हणाले.

हे सगळं विक्षिप्तपणाचं झालं. त्यांनी कॅमेरेच का धरले हे मात्र मला एका संध्याकाळी कळलं.

खालच्या खोलीत रोज साडेपाचला ट्यूब लागायची, दार लोटलं जायचं आणि अर्धा तास आतून कसलाच आवाज यायचा नाही. एकदा मी भाडं द्यायला गेलो आणि फटीतून पाहिलं. भिंतीवर काळी चादर टांगलेली. तिच्यासमोर काका बसून हवेत हात फिरवत होते. गाल फुगवत होते, डोळे मोठे करत होते, एकटेच हसत होते. म्हातारा भ्रमिष्ट झाला असं समजून मी पाय न वाजवता वर गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावून शेजारी बसवलं. समोर टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये एक म्हातारी होती, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होती, तेही हातांनी.

ती त्यांची थोरली बहीण, तेलगावची अक्का. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. आई लवकर गेली आणि काकांना हिनंच वाढवलं. शाळा दोघांच्याही वाट्याला उशिरा आली, हिच्या वाट्याला आलीच नाही. खुणांची भाषा शिकवणारं कुणी भेटलं नाही, तेव्हा दोघांनी कापसाच्या रानात स्वतःची भाषा केली. एक या बांधावर, एक त्या बांधावर. म्हणून त्या खुणा चांगल्या हातभर मोठ्या होत्या आणि फोनच्या चौकटीत मावाव्यात म्हणून काकांना त्या या वयात आखडून घ्याव्या लागल्या. हात नीट दिसावेत म्हणून मागे काळी चादर. अक्काच्या भाषेत काकांचं नाव होतं मनगट फिरवणं, स्क्रू पिळल्यासारखं. ही भाषा जगात दोनच माणसांना येत होती. तिच्या मुलालाही जेवण, पाणी, दुखणं एवढ्याच खुणा कळायच्या.

"तुमचा फोन बिघडला तर तुमी नुस्तं बोलताल," काका मला म्हणाले. "आमचा कॅमेरा गेला की आमी दोगंबी मुके."

त्यानंतर मी त्यांच्या तीन प्रश्नांना कधी हसलो नाही.

एक दिवस मात्र ते फोनवर बोलायचे नाहीत. भाऊबीजेला सकाळची एसटी धरून ते तेलगावला जायचे, दुपारपर्यंत अक्काच्या पाटावर बसायचे. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गच्चीवरची राख झाडताना त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन होईपर्यंतचे दिवस मी साडेपाचला त्यांचा फोन धरून उभा राहायचो, फक्त चेहरा आणि हात दिसतील असा. अक्काला पडल्याचं सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. भाऊबीजेला येणार का, असं ती रोज विचारायची आणि ते रोज हो म्हणायचे. मला ते पटत नव्हतं, पण मी फोन धरायचं काम केलं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ऑपरेशन झालं. रात्रभर ते कण्हत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठं त्यांचा डोळा लागला आणि माझ्या खिशातला त्यांचा फोन वाजला. पडद्यावर अक्काचा फोटो. मी आवाज बंद केला. पुन्हा आला, तिसऱ्यांदा आला. उचलून मी तिला काय सांगणार होतो? मला एक खूण धड येत नव्हती. संध्याकाळी जागे झाल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "अक्काचा फोन आलता का?" नाकात नळी, अंगात ताप. मी नाही म्हणालो. त्यांचं दुखणं वाढू नये म्हणून म्हणालो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांची भीती वाटली होती.

त्यांनी लगेच तिला फोन लावायला सांगितला. तिकडून उचलला गेला, पण पडद्यावर नुसता काळपट लाल रंग होता. त्या रंगात काहीतरी हलत होतं. अक्काला काका दिसत होते, नळीसकट, पलंगासकट. ह्यांना ती दिसत नव्हती. ते लाल पडद्यासमोर हात वर करून बरा आहे, बरा आहे अशी खूण करत राहिले आणि ती रडते आहे की रागावली आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्काची सून माहेरून परत आली तेव्हा निदान आवाज तरी आला. "मामा, त्या लई रडायल्यात," ती म्हणाली. "जेवल्या बी न्हाईत."

मग काकांनी पलंगावरून तपासणी सुरू केली. फोन बंद करून चालू करायला लावला. कॅमेऱ्याला परवानगी आहे का ते सेटिंगमध्ये पाहायला लावलं. साधा कॅमेरा उघडून बघितलं तरी पुढचं चित्र लाल, मागचं स्वच्छ. म्हणजे दोष प्रोग्रामात नाही, फक्त पुढच्या कॅमेऱ्यात. मागचा कॅमेरा लावून फोन अक्काकडे वळवला तर ह्यांना ती दिसली, पण तिच्या समोर फोनची पाठ आली. ती पाठ बघून तिनं तोंड फिरवलं. मग काकांनी आरसा शोधून काढला: फोन अक्काच्या हातात, मागचा कॅमेरा आरशाकडे, म्हणजे तिला काका दिसतील आणि ह्यांना आरशातली ती. युक्ती अगदी बरोबर होती. पण घरातला आरसा तळहाताएवढा. त्यात अक्काचे फक्त डोळे मावले, हात मावले नाहीत. सुजलेले डोळे बघून काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडे केलं.

अक्काचा मुलगा कारखान्याच्या हंगामाला ट्रॅक्टर घेऊन गेलेला, त्याचा फोन त्याच्याबरोबर. शेजारचा फोन एकदा मागितला, पण रोज अर्धा तास कोण देणार. तिथल्या दुकानदारानं पुढचा कॅमेराच गेला म्हणून सांगितलं, नवा यायला आठ दिवस. काकांचा ताप उतरत नव्हता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की छाती भरते आहे, या वयात सांगता येत नाही. ते काकांना ऐकू गेलं असावं. त्यांनी मला उशाची पिशवी काढायला लावली आणि तिच्यातलं धोतराचं कापड माझ्या हातात दिलं.

"तुमी जा," ते म्हणाले. "गेला म्हनत्यात ते. कुनी उघडून बघितलं? आदी पुसा. मंग इचारा."

मी तेलगावला पोचलो तेव्हा अक्का दारातच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहून मनगट फिरवलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. बरे आहेत. आणखी काय सांगणार?

फोन जुना, वरून चिकटवलेल्या जादाच्या काचेला वरच्या कडेला बारीक तडा. कापडानं पुसला, काही फरक पडला नाही. कॅमेऱ्याचा ठिपका काळा, जसा असतो तसाच दिसत होता. माझा फोन साधा बटणांचा, म्हणून मग मी अक्काच्याच फोनवरून काकांना लावला आणि तो तिच्यासमोर धरला. त्यांनी पडल्या पडल्या हातांनी तिला तीन प्रश्न विचारले. ती उत्तर द्यायला लागली, आणि ते उत्तर त्यांना दिसत नव्हतं; फोन उलटा करून मागचा कॅमेरा धरला की ती हात खाली घ्यायची.

"सर, तुमी बगा आन् मला सांगा," काका म्हणाले. "काय करती? अर्थ लावू नका. नुस्ता हात सांगा."

मी सांगायला लागलो. उजवा हात दाराकडे. मग डोळ्यावर आडवा, उन्हात लांबवर बघतात तसा. "वाट बगितली म्हनती," काका तिकडून म्हणाले. दोन्ही हातांनी छातीसमोर ताट, गोल फिरवलं. "ओवाळनी. पुढं." फोन हातात घेतला, बोट टेकवलं. तीन बोटं दाखवली. मग दोन्ही हात रिकामे.

काकांनी मला अडवलं. "तीन येळा फोन केला म्हनती. मला तर आला न्हाई. येकदा परत बगा, तीनच बोटं हायेत का?"

तीनच होती. अक्का माझ्याकडे बघत होती, तिला ऐकू येत नव्हतं. सून चुलीशी उभी होती. मला पायरीवर बसलेले काका आठवले, खिडकीबाहेर बघणारे. मी म्हणालो, "काका, फोन आला होता. तीन वेळा. मी आवाज बंद केला होता, आणि तुम्ही विचारल्यावर खोटं बोललो."

मग ते म्हणाले, "पुढं सांगा. मंग काय केलं तिनं?"

अक्कानं डाव्या हातात फोन उभा धरला. फोन लागत असताना वरच्या बाजूला ज्याला लावला त्याचा छोटा गोल फोटो दिसतो, तिथं बोट ठेवलं. मनगट फिरवलं. मग उजवा अंगठा कुंकवाच्या कोयरीत बुडवल्यासारखा केला आणि त्या जागी खालून वर ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी पदरानं काच पुसली आणि भावाचा कायदा मोडला म्हणून स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारून घेतली. हे सगळं मी शब्दाशब्दानं सांगितलं. काकांना अर्थ लावावा लागला नाही, मलाही नाही.

"काच काढा," ते म्हणाले.

तड्यात नख घालून मी वरची जादाची काच सोलली. ओलं कुंकू तड्यातून आत उतरून नेमकं कॅमेऱ्यावर वाळलं होतं. काळ्यावर काळपट लाल, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. धोतराच्या कापडाला जरा ओल लावून पुसलं. तिकडं काकांच्या चेहऱ्यावरून कळलं की ती त्यांना दिसली. त्यांनी नळी बाजूला सारून फोन इतका जवळ घेतला की पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ उरलं. अक्कानं अंगठा पुढं केला, मग आठवण होऊन मागे घेतला आणि काचेपासून वीतभर लांब, हवेतच, खालून वर ओढला.

रात्री मी दवाखान्यात परतलो तेव्हा त्यांनी वही मागितली. पडून लिहिता येत नव्हतं म्हणून मलाच लिहायला लावलं. लक्षण, चित्र लाल. कारण, काचेखाली कुंकू. उपाय, कोरडं मग ओलं कापड. चौथ्या रकान्याशी मी थांबलो आणि म्हणालो, माझं नाव लिहितो.

"तुमचं कावून?" ते म्हणाले. "येतो येतो म्हनून मी तिला रोज खोटं सांगितलं. मंग माझं लिवायचं का? का तिनं कुंकू लावलं म्हनून तिचं?" ते दमले होते. "रेघ मारा तिथं. भाऊबीज हाय ती."

त्या वहीत चौथ्या रकान्यात रेघ असलेली ती एकच ओळ आहे.

त्या दुखण्यातून ते उठले. काठी घेऊन चालले, कॅमेरे पुसले, मला आणखी दोनदा वहीत घातलं. साडेपाचला शेजारी बसवून मला खुणा शिकवायला लागले. मी त्यात ढ होतो आणि अक्का माझ्या चुकांना पोट धरून हसायची. शिकवायची एवढी घाई का, हे मी विचारलं नाही. उन्हाळ्यात एका पहाटे ते झोपेतच गेले.

अक्काला आणायला मीच तेलगावला गेलो. तिच्या मुलाला माणूस गेल्याची खूण येत नव्हती, आणि मलाही कुणी शिकवली नव्हती. मी तिच्यासमोर बसलो, मनगट फिरवलं, आणि मग हातातला नसलेला स्क्रू ड्रायव्हर जमिनीवर ठेवला. ती जमिनीवरच्या त्या जागेकडे बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं ती जागा पदरानं पुसली.

आता त्या घराची किल्ली माझ्याकडे असते. काळी चादर मी काढलेली नाही. साडेपाचला फोन येतो, रोज नाही, पण येतो. मला तिच्या निम्म्या खुणा कळतात. न कळलेल्यांना मी मान हलवतो आणि तिला ते कळतं.

परवाच्या भाऊबीजेला मी टेबलावरची राख पुसून फोन टेकवला आणि वाट बघत बसलो. दुपारी वाजला, मी पहिल्याच रिंगला उचलला. यंदा सून माहेरी गेली नव्हती, म्हातारीला एकटं कसं ठेवायचं म्हणून थांबली होती. अक्कानं माझ्यासमोर ताट फिरवलं. मग अंगठा कोयरीत बुडवला आणि तो पुढं येत गेला, मोठा होत गेला. पडदा लाल झाला.

"दादा, परत गेला की ओ कॅमेरा," सून म्हणाली. "पुसू का?"

"राहू द्या," मी म्हणालो. "थोडा वेळ राहू द्या."